पडवीतला बल्ब आणि तीन वह्या

ताई,
मी सिंधुदुर्गातल्या एका खेड्यात राहते. वय २४. गेल्या वर्षी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाले. आमच्या पडवीतल्या बल्बवर येणारे पतंग मी तीन पावसाळे बघतेय. फोटो काढते, तारीख आणि वेळ वहीत लिहिते. तीन वह्या भरल्यात. मला कीटकांच्या विविधतेवर आणि संवर्धनावरच काम करायचंय. बाबा म्हणतात, "किडे बघान पोट भरतला काय? बी.एड. कर, शाळेत लाग." आई स्थळं बघतेय. पीएच.डी.साठी ज्या सरांना भेटले ते म्हणाले, "वर्गीकरणात आता काही उरलं नाही, डीएनएचं काम करा. आणि रात्रीची फिरती मुलींना जमत नाही." या सगळ्यापेक्षा मोठी अडचण माझ्या आतच आहे. नमुना गोळा करायचा म्हणजे कीटक मारायचा, आणि ते माझ्या हातून होत नाही. मग या वाटेला जायचा मला हक्क आहे का? आणि गाव सोडल्याशिवाय यातलं काहीच होणार नाही का?
— पडवीतली

प्रिय पडवीतली,

आधी त्या तीन वह्यांबद्दल बोलू. पत्रात तू त्या दोन ओळींत उरकल्यास, पण मला तुझ्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच वाटली.

जर्मनीत क्रेफेल्ड नावाचं एक शहर आहे. तिथल्या कीटकप्रेमींच्या मंडळात हौशी माणसंच जास्त. त्यांनी संरक्षित क्षेत्रांमध्ये १९८९ पासून एकाच पद्धतीचे सापळे लावले आणि सापडलेले उडते कीटक बाटल्यांत भरून, वजन करून नोंदवले. ही नोंद २०१६ पर्यंत चालू राहिली, ६३ ठिकाणी. २०१७ साली तिचा हिशेब प्रसिद्ध झाला. २७ वर्षांत उडत्या कीटकांचं वजन पाऊणपटीहून जास्त घटलं होतं, तेही राखीव जागांमध्ये. जगभर खळबळ उडाली. हे कळलं कसं, तर कुणीतरी कंटाळा न करता वर्षानुवर्षं त्याच पद्धतीने तेच मोजत राहिलं म्हणून. आपल्याकडे अशी सलग नोंद फार दुर्मीळ आहे. भारतात फुलपाखरांच्या जाती तेराशेच्या आसपास आणि पतंगांच्या दहा हजारांच्या वर, पण कौतुक सगळं फुलपाखरांच्या वाट्याला. महाराष्ट्राने २०१५ साली ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखरू केलं, असं करणारं ते पहिलं राज्य. त्याचा मलाही आनंद झाला होता. पण रात्रीच्या या दहा हजारांकडे बघायला माणसंच नाहीत, आणि तू तीन पावसाळे बघतेयस.

फक्त त्या वह्या मला दाखवल्यास तर मी काही प्रश्न विचारेन. ज्या रात्री एकही पतंग आला नाही, ती रात्र वहीत आहे का? बहुतेक नसणार. आपण सगळेच सुरुवातीला फक्त सापडलेलं लिहितो. पण "आज काही नाही" हीसुद्धा नोंद असते, आणि पुढे हिशेब करताना तीच उपयोगी पडते. बल्ब कसला होता, साधा पिवळा की एलईडी? एलईडीतून अतिनील प्रकाश जवळजवळ येतच नाही, त्यामुळे पतंगही कमी येतात. मधेच कधी बल्ब बदलला असेल आणि तारीख लिहिली नसेल, तर दहा वर्षांनी कुणीतरी म्हणेल की तुमच्या गावातले पतंग घटले. खरं तर घटलं होतं ते लाइटबिल. चांदणं किती होतं, पाऊस होता की उघडीप, वीज किती वाजता गेली, हे सगळं लिही. रात्री आठ ते दहा अशी वेळ ठरव आणि तेवढाच वेळ बघ. नुसती जात लिहू नकोस, किती आले ते मोज. एवढं केलंस की छंदाचा अभ्यास होतो. त्याला कुणाची सही लागत नाही.

आता मारण्याबद्दल.

मी पहिला भुंगेरा पिनवर लावला तेव्हा एकोणीस वर्षांची होते. शिंगाडा भुंगेरा होता, चांगला अंगठ्याएवढा. बाटलीत त्याची हालचाल थांबेपर्यंत मी दुसरीकडे बघत बसले होते. त्या रात्री जेवले नाही. तेव्हा तुझ्या हातून हे होत नाही यात लाजण्यासारखं काही नाही. ज्याला काहीच वाटत नाही, अशा माणसाच्या हाती मी माझी नमुन्यांची कपाटं दिली नसती.

पण दुसऱ्या दिवशी बाईंनी मला पिन कुठे टोचायची ते शिकवलं, आणि तेव्हापासून माझं मत हळूहळू बदललं. भुंगेऱ्याला पिन मधोमध लावत नाहीत. उजव्या बाजूच्या कडक पंखातून लावतात. कारण छातीच्या आणि पोटाच्या मधल्या भागावर ओळखीच्या खुणा असतात, त्या फुटू नयेत. उजवी बाजू थोडी बिघडली तरी डावी शाबूत राहते. हे ज्यांनी ठरवलं त्यांनी शंभर वर्षांनंतर भिंगातून बघणाऱ्या अनोळखी माणसाचा विचार केला होता. मग त्या पिनेवर बोटाच्या पेराएवढी चिठ्ठी खोचायची: राज्य, जिल्हा, गाव, समुद्रसपाटीपासून उंची, अक्षांश-रेखांश, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. कीटकाचं शास्त्रीय नाव पुढे दहा वेळा बदलेल. चिठ्ठी बदलायची नाही. चिठ्ठी नसेल तर तो कीटक फुकट मेला, हे मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगत आले.

तुझ्या गावाजवळ सडा असणारच. जांभ्याचा तो काळा कातळ उन्हाळ्यात ओसाड दिसतो, आणि पावसात त्याच्यावर काय काय उगवतं ते तुला मी सांगायला नको. चिऱ्याच्या खाणीसाठी तो कापला गेला, की तिथे काय जगत होतं याचा पुरावा कुणाकडे असतो? मोबाइलमधला फोटो असतो, आणि तो बरेचदा अपुरा पडतो. बारीक पतंगांच्या कितीतरी जाती पंखांवरून वेगळ्या करता येत नाहीत. पोटाच्या टोकाकडचे जननावयव काढून, साफ करून, सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्यावरच कळतं की ह्या दोन जाती आहेत. कायद्यापुढे, समितीपुढे, न्यायालयात "इथे ही जात होती" असं म्हणायचं तर पेटीतला तो एक नमुना बोलतो. कीटक संपतात ते अधिवास गेल्याने, फवारणीने, दिव्यांच्या झगमगाटाने. विचार करून घेतलेल्या चार-दोन नमुन्यांनी नाही.

तरीही माझं म्हणणं तू आज मान्य करावंस असं नाही. तोवर एक कर. सकाळी बल्बखाली जे मेलेले सापडतात, ते पाली आणि मुंग्या यायच्या आधी उचल. त्यांच्यासाठी तुला कुणाचा जीव घ्यावा लागत नाही. आणि पुढेही तुझ्या हातून मारणं झालंच नाही, तर या क्षेत्रात त्याशिवायचंही काम भरपूर आहे. वर्तनाचा अभ्यास आहे, परागीभवनाचा आहे. एका पायाच्या तुकड्यातून डीएनए मिळतो. संग्रहालयांत कुणी उघडून न पाहिलेल्या पेट्या आहेत. हक्काचं विचारलंस म्हणून सांगते, तो तुला आहेच.

कायद्याचं मात्र आधी समजून घे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूचींमध्ये बरीच फुलपाखरं आणि इतरही काही कीटक आहेत. ते परवानगीशिवाय पकडता येत नाहीत. अभयारण्यात तर कुठलाही नमुना वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय घ्यायचा नाही. आणि उद्या तुला नवी जात सापडली, तर जैविक विविधता कायदा २००२ प्रमाणे तिचे नमुने अधिकृत राष्ट्रीय संग्रहात द्यावे लागतात. प्राण्यांसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षण हा असा एक संग्रह आहे, आणि त्याचं पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. "नवी जात" हे शब्द मी उगाच लिहिले नाहीत. तुझ्याच जिल्ह्यातून २०२० मध्ये एका चतुराचं जगाला पहिल्यांदा वर्णन झालं, आणि त्याच्या नावातच कोकण आहे: ब्रॅडिनोपायगा कोकणेन्सिस. चतुर दिवसा उडतात, डोळ्यांना सहज दिसतात. तरी तो २०२० पर्यंत नावाशिवाय होता.

यावरून त्या सरांच्या बोलण्याकडे येते. वर्गीकरणात काही उरलं नाही, हे साफ चूक. जगात वर्णन झालेल्या कीटकांच्या जाती सुमारे दहा लाख, आणि वर्णन न झालेल्या त्याच्या कितीतरी पट असाव्यात असा अंदाज आहे. उरलेली नाहीत ती वर्गीकरण करणारी माणसं. डीएनएचं काम शिक, हे मात्र त्यांचं बरोबर आहे आणि ते ऐक. फक्त एवढं लक्षात ठेव, की डीएनए बारकोडच्या, म्हणजे जात ओळखायला वापरतात त्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांच्या, यादीत प्रत्येक बारकोडपुढे जातीचं नाव लिहावं लागतं, आणि ते नाव खात्रीने सांगायला नमुना ओळखणारा माणूस लागतो. दोन्ही येणारी मुलगी कुठल्याही प्रयोगशाळेला हवी असते.

दुसरं वाक्य, रात्रीची फिरती मुलींना जमत नाही. याचा मला अजून राग येतो. माझ्या पहिल्या नोकरीत हेच म्हणून मला दोन पावसाळे कार्यालयात बसवलं. माझ्यानंतर आलेली मुलं जंगलात जायची आणि त्यांनी आणलेले नमुने मी ओळखायची. अहवाल निघाला तेव्हा माझं नाव शेवटच्या पानावर, आभारात होतं, टंकलेखकाच्या खाली. मी गप्प बसले. ते चुकलं. तू गप्प बसू नकोस. कुठल्याही प्रकल्पात पाऊल टाकायच्या आधी शोधनिबंधात कुणाचं नाव कुठे येणार हे ईमेलवर लिहून घे. तोंडी नको. आणि मार्गदर्शक निवडण्याआधी त्यांच्याकडे आज काम करणाऱ्या मुलींशी बोल. प्रयोगशाळेत नको, बाहेर भेटून. त्या बोलता बोलता थांबल्या, तर ते थांबणंही ऐक.

प्राणी सर्वेक्षणाची स्थापना १९१६ची. तिथल्या संचालकपदावर पहिली स्त्री यायला २०२१ साल उजाडलं. त्या डॉ. धृती बॅनर्जी, आणि त्यांचा अभ्यासाचा विषय माश्या, म्हणजे दोन पंखांचे कीटक. सरांना हे सांगायची गरज नाही. तुझ्या मनात असू दे.

मात्र रात्रीच्या कामातला धोका खरा आहे. तो तू बाई आहेस म्हणून नाही, रात्र आहे म्हणून आहे. सड्यावर फुरसं असतं, ते पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. गमबूट घातल्याशिवाय पडवीच्या बाहेर पाय टाकायचा नाही. भाताच्या चिखलातून गेलीस तर लेप्टोचा ताप आहे. दोडामार्ग-बांद्याच्या बाजूला माकडताप आहे आणि तो गोचिडीतून येतो, म्हणून घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात घालायचे आणि अंग तपासायचं. एकटीने कधीच जायचं नाही. मीही गेले नाही आणि माझ्या एकाही विद्यार्थ्याला, मुलगा असला तरी, जाऊ दिलं नाही. पोलीस पाटील आणि वनरक्षक दोघांनाही आधी सांगून ठेव. पतंग यावेत म्हणून लावलेला पांढरा पडदा आणि झगझगीत दिवा रानात लांबून दिसतो, लोक चौकशीला येतात. त्यांना बसव आणि पडद्यावरचं दाखव. माझा अनुभव असा, की संशयाने आलेला माणूस अर्ध्या तासाने "हा बघा, हा आमच्या आंब्यावर असतो" असं सांगायला लागतो.

आंब्यावरून बाबांची आठवण झाली. त्यांचा प्रश्न खोटा नाही, त्याला खरं उत्तर द्यायला हवं. तुमची थोडी तरी कलमं असतीलच. या मोसमात बाबांना मोहोर आल्यावर सकाळी नऊ-दहाच्या सुमारास एका झाडाखाली अर्धा तास उभं कर आणि मोहोरावर काय बसतं ते दोघांनी मिळून मोजा. तुडतुडे त्यांना माहीत आहेत, त्यांच्यासाठी ते फवारणी करतात. पण आंब्याचं परागीभवन मुख्यतः माश्या करतात, आणि त्यांच्या जोडीला लहान मधमाश्या. भर मोहोरात केलेली फवारणी दोघांनाही मारते, तुडतुड्यांना आणि फळ धरवणाऱ्यांनाही. काजूवर ढेकण्या, म्हणजे कोवळ्या पालवीचा रस शोषणारा कीटक, येतो तेव्हा तो कोणत्या पालवीवर आधी आला, हे त्यांच्याआधी तुला दिसेल. वाद घालून बाबा बदलणार नाहीत. तुझ्या वहीचा उपयोग त्यांच्या बागेत दिसला, तर कदाचित बदलतील.

पैशाचं मात्र खरं ते सांगते, गोड करून नाही. नुसत्या कीटकवर्गीकरणाच्या कायम नोकऱ्या थोड्या आहेत. सुरुवातीची वर्षं प्रकल्पावरची, वर्ष-दोन वर्षांच्या कराराची असतात आणि पुढच्या प्रकल्पाची वाट बघण्यात मधले महिने जातात. म्हणून नेट-जेआरएफ, म्हणजे संशोधनाच्या पाठ्यवृत्तीची परीक्षा, पहिल्यांदा दे. पाठ्यवृत्ती पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये, नंतर ४२,०००. एवढे पैसे हाती आले की घरातल्या चर्चेचा सूर बदलतो, हे मी अनेक घरांत पाहिलंय. जेआरएफला बायकांना वयात पाच वर्षांची सवलत आहे. पीएच.डी. पूर्ण करायला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमात बायकांना दोन वर्षं जास्त मिळतात, शिवाय बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. मधे खंड पडला, तर विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या वाईज योजना बायकांसाठीच आहेत. आणि बी.एड. वाईट नाही. पण बाबांचं समाधान म्हणून दोन वर्षं घालवू नकोस. शिकवायची आवड असेल तर नेट-सेट करून महाविद्यालयात जा. तिथे शिकवता शिकवता संशोधनही करता येतं.

आईला नाही म्हणू नकोस आणि हो पण म्हणू नकोस. जो बघायला येईल त्याला पहिल्याच भेटीत सांग, की जून ते ऑक्टोबर मी रात्री बाहेर असते, आणि लग्नानंतरही असणार. त्याचा चेहरा बघ. बाकी काही विचारायची गरज पडत नाही.

गाव सोडायचं का? शिकायला सोड. बंगळूरच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेमध्ये आणि अशोका ट्रस्टमध्ये कीटकांचे संग्रह आणि शिकवणारी माणसं आहेत. मुंबईत बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आहे, १८८३ पासूनची. पुण्याच्या गरवारे महाविद्यालयात जैवविविधता हाच विषय एम.एस्सी.ला आहे. तिथली मुलं-मुली तुझ्याच वयाची आहेत, त्यांच्याशी ओळख कर. पण अभ्यासाची जागा म्हणून तुझं गाव सोडू नकोस. शहरातल्या संशोधकाला तुझ्या सड्यावर वर्षात आठ दिवस मिळतात. तुला ३६५ मिळतात.

आणि तुझ्याकडे आजी आहे का? पत्रात लिहिलं नाहीस, पण असेल असं धरते, नाहीतर शेजारची कुणीतरी असेल. आपल्याकडच्या कितीतरी पतंगांचा सुरवंट कोणता, तो कुठल्या झाडावर वाढतो, याची नोंदच नाही. सुरवंट वाढवायला बरणी, फडक्याचं झाकण आणि रोज ताजा पाला लागतो. पण पाला कशाचा, हे ओळखता यायला हवं, आणि ते पुस्तकापेक्षा आजीला जास्त येतं. मारिया सिबिला मेरियन नावाच्या बाईने १६६०च्या आसपास, तेरा वर्षांची असताना, घरात रेशमाचे किडे वाढवायला सुरुवात केली. तेव्हा शिकलेले लोकसुद्धा किडे चिखलातून आपोआप होतात असं मानत. १६९९ साली, वयाच्या ५२व्या वर्षी, ती स्वतःची चित्रं विकून धाकट्या मुलीला घेऊन जहाजाने दक्षिण अमेरिकेत सुरिनामला गेली. तिच्या चित्रांमध्ये अंडी, सुरवंट, कोष आणि पतंग त्यांच्या झाडासकट एकाच पानावर दिसतात. तिथल्या स्थानिक आणि गुलाम बायकांनी झाडांबद्दल सांगितलेलं तिने लिहून ठेवलं. आजीचं नाव तूही वहीत लिही.

दारात कण्हेर असेल तर तिथून सुरू कर. पाऊस लागला की पानांखाली बोटाएवढा हिरवा सुरवंट शोध, शेपटीकडे लहानसं शिंग असलेला. पानाच्या काडीने हळूच हलवलास की तो डोकं आत ओढून घेईल आणि डोक्यामागचे दोन निळे-पांढरे ठिपके डोळ्यांसारखे वर येतील. पूर्ण वाढला की त्याचा हिरवा रंग जाऊन तपकिरी होतो आणि तो खाली पाचोळ्यात उतरतो. तेव्हा बरणीत दोन बोटं माती आणि सुका पाला घाल. कोषाची तारीख लिही आणि पतंग बाहेर आल्याची तारीख लिही. पंख पूर्ण पसरले, वाळले, की संध्याकाळी त्याला कण्हेरीवरच सोड. एक सुरवंट, दोन तारखा, झाडाचं नाव. यात कुणी मेलं नाही आणि नोंद पक्की झाली.

मृग जवळ आलाय. हवाबंद डबा, डांबरगोळ्या आणि ओल शोषणाऱ्या पुड्या आधी आणून ठेव. कोकणातल्या पावसात पेटीला बुरशी यायला आठवडाही लागत नाही. पहिल्या वीस मेलेल्या पतंगांच्या वीस चिठ्ठ्या कर, बारीक पण वाचता येईल अशा अक्षरात, आणि त्यांचा फोटो मला पाठव. गावाचं नाव पूर्ण लिही, तालुका विसरू नकोस.

तुझी,
ताई